खुर्चीत बसून नाचणाऱ्या वाचकास

*ताई, सप्रेम नमस्कार.*

*वय 43, मुक्काम चिंचवड, नोकरी हिंजवडीत, पण आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम. म्हणजे पलंगापासून टेबलापर्यंत, एवढाच प्रवास. सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, त्याही बसून. व्यायामाचे सगळे प्रकार करून झाले. जिमची वर्षाची फी एकरकमी भरली. पहिल्याच दिवशी ट्रेनरने बैठका मारायला लावल्या आणि पुढचे तीन दिवस मी जिना पाठमोरा उतरलो. ट्रेडमिल घेतली, तिच्यावर आता गोधड्या वाळतात. सूर्यनमस्काराचं ॲप घेतलं. ते पहाटे उठतं, मी नाही. मनगटावरचं घड्याळ दर तासाला ‘उठा’ म्हणून गुरगुरतं, तेव्हा मी बसल्या बसल्या हात झटकतो आणि ते गप्प होतं.*

*पण गाणं लागलं की मला राहवत नाही. हेडफोन लावून खुर्चीतल्या खुर्चीत मी जो काही नाचतो, तो मुलीने चोरून शूट केला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. डिसेंबरात भाचीचं लग्न आहे. लग्न म्हटलं की हल्ली संगीत आलं आणि संगीत म्हटलं की कोरिओग्राफर. त्या पोराने तो व्हिडिओ बघून मला एका ग्रुप डान्समध्ये घेतलंय, शेवटच्या रांगेत. शाळेत आठवीपर्यंत लेझीम पथकात होतो आणि सोसायटीच्या विसर्जनाला दोन तास नाचतो, एवढीच काय ती माझी पुण्याई. बायको म्हणते, दम लागून स्टेजवरच बसाल. सासूबाई (वय 68, महिला मंडळात मंगळागौरीचे खेळ खेळतात, त्यांना दम लागत नाही) काही न बोलता नुसत्या हसतात. प्रश्न दोन. नाचणं व्यायामात धरायचं का? आणि उभं राहून नाचता यायला काय करायचं?*

*– खुर्चीवीर*

खुर्चीवीर, नमस्कार.

तुम्ही टेस्टिंगवाले, म्हणून तुमचं पत्र मी तुमच्याच पद्धतीने तपासलं. काय काय बंद पडलं? जिम, ट्रेडमिल, ॲप, घड्याळ. जिमचा तो ट्रेनर सोडला तर चारही ठिकाणी तुम्ही आणि एक यंत्र, बाकी कोणी नाही. आता काय चाललं? शाळेतली लेझीम आणि विसर्जनाची मिरवणूक. दोन्हीकडे आजूबाजूला माणसं, कानावर ताल, आणि किती उष्मांक जळले हे विचारायला कोणी नाही. तेव्हा ‘मला व्यायामाचा आळस आहे’ हे तुम्ही स्वतःविषयी जे ठरवून टाकलंय ते मला पटत नाही. एकट्याने घाम गाळायचा तुम्हाला कंटाळा आहे, आणि तो कोणालाही येईल. ट्रेडमिलवर एकटा माणूस भिंतीकडे बघत धावतो तेव्हा त्याच्या मनात काय चाललेलं असतं हे मला कधीच कळलेलं नाही.

(विसर्जनाच्या दोन तासांबद्दल मात्र थोडी शंका आहे. मिरवणूक चार पावलं जाते, थांबते, कोणीतरी पाण्याच्या बाटल्या वाटतं, कोणीतरी ढोलवाल्यांशी हुज्जत घालतं. निव्वळ नाच अर्धा तास धरू. तोही कमी नाही.)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं: हो, धरायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाने आठवड्याला मध्यम जोराचा व्यायाम 150 ते 300 मिनिटं करावा, किंवा दमवणारा व्यायाम 75 ते 150 मिनिटं. त्यात नाच चालतो. आणि तुमच्या कामाची गोष्ट अशी, की आधीच्या, म्हणजे 2010च्या शिफारशीत एका वेळी निदान दहा मिनिटं सलग हवीत अशी अट होती. ती 2020 साली काढून टाकली. एक गाणं साधारण चार मिनिटांचं धरा. 150 मिनिटांची झाली जवळजवळ 38 गाणी, म्हणजे रोजची पाच-सहा. दोन सकाळी, दोन दुपारच्या चहाआधी, दोन रात्री. एवढी गाणी तर तुम्ही एका बग रिपोर्टमागे ऐकत असाल.

नाच मध्यम जोराचा झाला की नुसता टाइमपास, हे ओळखायला घड्याळ लागत नाही. डॉक्टर मंडळी एक साधी खूण सांगतात: व्यायाम करताना बोलता येतंय पण गाता येत नाही, तर जोर मध्यम. चार शब्द बोलायलाही मध्ये श्वास घ्यावा लागला तर जोराचा. नाचणाऱ्याला हे फारच सोयीचं, कारण गाणं चालूच असतं. सोबत म्हणून बघा. अख्खं कडवं सुरात म्हणता आलं, तर पाय अजून नीट उचलत नाही आहात.

याच खुणेवर तुमच्या सासूबाईंचं कोडं सुटतं. झिम्मा-फुगडी खेळता खेळता बायका गाणी म्हणत असतात, आणि 68व्या वर्षी त्यांचा सूर तुटत नाही. म्हणजे तुम्हाला जे दमवेल ते त्यांना हलकं जातं. वर्षानुवर्षं मंडळात जाऊन कमावलेली ताकद आहे ती. त्या हसतात ते उगाच नाही.

आता खुर्चीविषयी थोडं, कारण नाच शिकलात तरी दिवसाचे उरलेले तास तिच्यावरच जाणार आहेत.

बसून काम करण्याचा हृदयाशी काय संबंध, हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते लंडनच्या बसमध्ये. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी 1953 साली ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहिला. एकच कंपनी, एकच डबलडेकर बस. ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर तिकिटं फाडत जिना चढ-उतर करणारा. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी. लोकांनी साहजिकच शंका काढली, की मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील. मॉरिस यांनी काय करावं? गणवेशाच्या मापांच्या नोंदी काढून पँटींचे कमरेचे घेर तपासले आणि 1956 साली त्यावर वेगळा लेख लिहिला. ड्रायव्हरांचे घेर खरंच मोठे निघाले, पण सगळा फरक त्या घेरांनी समजावता येईना. चढ-उतरीला तिचं श्रेय द्यावंच लागलं. हे गृहस्थ स्वतः पुढे 99 वर्षं जगले. त्या बसमध्ये तुम्ही ड्रायव्हर आहात, आणि तुमच्या बसला तर ट्रॅफिकही नाही. मधूनमधून कंडक्टर व्हा, एवढंच म्हणते.

उठायचं कशाला, तर पोटऱ्यांसाठी. पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलायला पोटऱ्यांचे स्नायू आखडावे-सैलावे लागतात. तुम्ही बसलात की ते काम थंडावतं, म्हणून संध्याकाळी मोज्यांचे वळ पायावर उमटतात. साखरेचाही संबंध आहे. ऑस्ट्रेलियात 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन जास्त असलेल्या मध्यमवयीन लोकांना खाल्ल्यानंतर दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं चालायला लावलं, तर सलग बसून राहिल्यापेक्षा त्यांच्या रक्तातली साखर कमी चढली. आपल्याकडे आजोबा जेवून शतपावली घालायचे, तेव्हा त्यांना कोणी पुरावा मागितला नव्हता.

तुमच्या कंपनीत रोज सकाळी ‘स्टँड-अप’ मीटिंग होत असेलच. आयटीतली बहुतेक माणसं ती बसून करतात. तुम्ही ती उभ्याने करा. कॅमेरा बंद असेल त्या सगळ्या मीटिंगा उभ्याने करा आणि एका पायावरून दुसऱ्यावर वजन टाकत राहा. याचा नाचाला कसा उपयोग होतो ते पुढे येतंय.

घड्याळाचं म्हणाल, तर ते मनगटाची हालचाल मोजतं. कणीक मळणाऱ्या बाईला ते पावलं देतं आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मंडईतून येणाऱ्याला कधी कधी देत नाही. त्याला फसवण्यात पराक्रम नाही. आणि त्याच्या पडद्यावरच्या 10,000 पावलांचं दडपणही घेऊ नका. हा आकडा कुठल्या वैद्यकीय परिषदेत ठरलेला नाही. जपानमध्ये 1965 साली पावलं मोजणारं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातून तो आला. गोल आहे, लक्षात राहतो, म्हणून टिकला.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ज्यासाठी तुम्ही खरं तर पत्र लिहिलंत.

खुर्चीत नाचणाऱ्या माणसाची एक गंमत असते. खांदे, मान, बोटं, भुवया, सगळं तालात. कमरेच्या खाली सुट्टी. म्हणून तो उभा राहिला की वरचा भाग नाचतो आणि खालचा भाग बसची वाट बघत असल्यासारखा उभा राहतो. तुम्हाला ताल शिकायचा नाहीये, तो तुमच्यात आहे. तो पायात उतरवायचाय. तेव्हा पहिले काही दिवस हात कमरेवर ठेवा, किंवा चक्क खिशात घाला. हातांची सोय झाली की डोकं पायांकडे लक्ष देतं.

उजवा पाय बाजूला टाका. डावा त्याच्याजवळ आणा आणि नुसता टेकवा. मग डावा बाजूला, उजवा जवळ आणून टेकवा. झालं. निम्म्या संगीताच्या कार्यक्रमाला एवढं भांडवल पुरतं. नवशिक्याची चूक एकाच जागी होते: जो पाय नुसता टेकवायचा, त्याच्यावर तो वजन टाकतो. मग पुढचं पाऊल टाकायला तोच पाय हवा असतो आणि तो तर गुंतलेला. माणूस गडबडतो, दोन ठोके चुकतात, आणि मग तो स्वतःच्या पायांकडे अशा नजरेने बघतो जसे काही ते शेजाऱ्यांचे आहेत. म्हणून मघाशी मीटिंगमध्ये वजन बदलत राहा म्हटलं. टेकवलेला पाय कुठल्याही क्षणी उचलता आला पाहिजे. गुडघे थोडे सैल ठेवा. ताठ गुडघ्याने नाचणारा माणूस दुरून कवायत करतोय असं वाटतं.

आणि तुमची लेझीम! ती एका ओळीत उरकलीत, पण सगळ्यात मोठी ठेव तीच आहे. चार आवाज आठवतात ना? वाकायचं, वाजवायचं, उठायचं, वाजवायचं, आणि हे सगळं रांगेत, शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून. कोरिओग्राफर ‘वन’पासून ‘एट’पर्यंत ओरडत मोजतो ते तेच चार आवाज दोनदा. हलगीच्या ठेक्यावर एकदा घरी करून बघा, लेझीम नसली तर हातात लाटणं घेऊन. वाकून उठण्यात मांड्यांचा जो व्यायाम होतो तो जिममधल्या बैठकांचाच सौम्य भाऊ आहे.

बैठकांवरून आठवलं. तो ट्रेनर चुकला, तुम्ही नाही. वर्षानुवर्षं न वापरलेल्या स्नायूंना पहिल्याच दिवशी जुंपलं की दुखणं एखाद्या दिवसाने सुरू होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं. ते आपोआप जातं, पण माणसाचा धीर त्याआधी जातो. म्हणून पहिल्या आठवड्यात दिवसाला दोनच गाणी. डिसेंबरापर्यंत वेळ आहे, दर आठवड्याला एखादं गाणं वाढवा. शिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा असंही आरोग्य संघटनेच्या त्या शिफारशीत आहे. त्यासाठी हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि सावकाश बसायचं, दहादा. तुमची चाकांची नको, ती ऐन वेळी मागे पळेल. जेवणाच्या टेबलाची घ्या.

कोरिओग्राफर व्हिडिओ पाठवतो ते समोरून काढलेले असतात. त्याचा उजवा हात तुम्हाला डावीकडे दिसतो, मग तुम्ही डावा उचलता, आणि प्रत्यक्ष तालमीत सगळे एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे. त्याला पाठमोरा व्हिडिओ मागा, नाहीतर आहे तोच आरशासारखा उलटवून घ्या. हे तुम्हाला मी काय शिकवणार? वेग पाऊणपट करा. आणि अख्खं गाणं एका बैठकीत पाठ करू नका. मुखडा पक्का झाल्याशिवाय कडव्याला हात लावायचा नाही.

नाचाची पावलं लक्षात ठेवताना डोक्यालाही कामाला लागावं लागतं. न्यूयॉर्कमधल्या 75 वर्षांवरच्या 469 जणांचा एक अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. शारीरिक छंदांपैकी एकट्या नाचाचं नातं स्मृतिभ्रंशाचा धोका कमी असण्याशी दिसलं. आता ज्यांची स्मृती चांगली तेच नाचत राहिले असंही असू शकतं, त्यामुळे मी यावर पैज लावणार नाही. पण बायकोने टोमणा मारला तर तोंडावर फेकायला आकडा बरा आहे.

हे सगळं एकट्याने खोली बंद करून केलंत, तर दोन आठवड्यांत ट्रेडमिलच्या शेजारी स्पीकरवरही गोधडी पडेल. म्हणून गुरू करा, आणि तो घरातच आहे. सासूबाईंना सांगा, आई, मला शिकवा. संकोच वाटेल, वाटू द्या. मंगळागौरीचे खेळ बायकांचे म्हणून कचरायचं कारण नाही; वारीत चांगले मिशीवाले बाप्ये एकमेकांचे हात धरून गरागरा फुगड्या घालतात, टाळ-मृदंगावर पावली खेळतात, आणि पुढच्या मुक्कामाला चालत जातात. तुमच्याच पेशातली मंडळी आषाढी वारीत आळंदी ते पुणे चालणारी आयटी दिंडी काढतात. पुढच्या वर्षी तिकडेही बघा.

फुगडीची मात्र घाई करू नका. हातांची अढी घालायची, पावलं एकमेकांच्या पावलांना भिडवायची, शरीर मागे झोकायचं आणि समोरच्यावर पूर्ण भरवसा टाकायचा. तुमचं वजन आणि सासूबाईंचं वजन यात फरक असणार, आणि तुम्ही ऐन गिरकीत हात सोडलात तर पुढच्या सगळ्या दिवाळसणांचा प्रश्न आहे. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून तर मुळीच नको. अनवाणी, आणि आधी झिम्मा. झिम्म्यात टाळ्या चुकल्या तरी कोणी पडत नाही. मुलीला तिसरी घ्या. तिने व्हिडिओ काढून तुमची अब्रू घालवली ना? आता रोज रात्रीच्या एका गाण्याची हजेरी तिच्याकडे द्या. आई-बाबांकडून हजेरी घेण्याची संधी त्या वयात कोणी सोडत नाही.

बायकोची काळजी निव्वळ थट्टेवारी नेऊ नका. रक्तदाब, साखर, छातीत दुखणं, जिना चढताना नको इतकी धाप, जुना गुडघा, यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि ‘नाचू का?’ असंच विचारा. ‘व्यायाम करू का?’ म्हटलं की ते ‘रोज चाला’ म्हणून मोकळे होतील. आणि संगीताच्या दिवशी कितीही रंगात आलात तरी गुडघ्यांवर बसून तो नागीण डान्स करू नका. हॉलची फरशी कडक असते, आणि रुमालाची पुंगी करून वाजवणारा मेव्हणा तुम्हाला उठवायला येत नाही.

शेवटच्या रांगेचं मात्र काहीतरी करा. शेवटच्या रांगेत लपता येतं असं तुम्हाला वाटत असेल, तर त्या पोराने बसवलेला नाच पूर्ण पाहून घ्या. बऱ्याच ग्रुप डान्समध्ये शेवटच्या कडव्याला सगळे गर्रकन पाठ फिरवून मागच्या बाजूने पुढे येतात, आणि तेव्हा शेवटची रांग पहिली होते. समोर नक्कल करायला कोणी नाही, खाली बसलेले चारशे वऱ्हाडी, आणि मध्यभागी तुम्ही. दुसरी रांग मागून घ्या, पुढे एखादी चुणचुणीत भाची असेल अशी जागा बघून. आजच फोन करा. तालमी सुरू झाल्या की कोणी जागा बदलून देत नाही.